टॅक्स भरणारे म्हणजे फक्त इन्कम टॅक्स भरणारे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गरिबी आणि विषमतेवर काहीही छापून आलं, मग तो जागतिक बँकेचा रिपोर्ट असो की कुठल्या तरी देशातल्या थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजनेची बातमी, त्यात एक वाक्य हमखास असतं, की हे सगळं टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशातून चाललंय. लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा दोन वेगळे गट असतात, इकडं टॅक्स भरणारे आणि तिकडं मदत घेणारे. विकसनशील देशांत असे दोन गट नाहीतच, आणि हे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण कुणाकडून किती घ्यायचं, कुणाला किती द्यायचं आणि कुणाला ओशाळं करायचं हे सगळं या एका गैरसमजावर ठरत जातं.

सरकारकडं पैसा येतो कुठून, तिथून सुरुवात करते. श्रीमंत देशांची, म्हणजे ओईसीडी या त्यांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी बघितली तर जीडीपीच्या साधारण ३४ टक्के टॅक्स गोळा होतो, आणि गरीब देशांत बऱ्याच ठिकाणी १५ टक्के गाठतानाही दमछाक होते. श्रीमंत देशांत यातला मोठा हिस्सा पगारातूनच कापला जातो, इन्कम टॅक्स म्हणून आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता म्हणून. पण पगारातून कापायचं तर आधी ठरलेला पगार हवा ना, पगाराची स्लिप हवी, हिशोब ठेवणारी कंपनी हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की जगातले २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, असंघटित कामात आहेत, आणि जगातल्या एकूण असंघटित कामापैकी ९३ टक्के विकसनशील आणि उदयोन्मुख देशांत आहे. रोजंदारीवर जाणारा, हातगाडी लावणारा, स्वतःच्या दोन एकरात राबणारा, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी, यांना नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार आणि त्यांचं उत्पन्न मोजणार कसं?

म्हणून सरकारं सोपा रस्ता धरतात आणि माणसाच्या कमाईऐवजी त्याच्या खर्चावर टॅक्स लावतात. अशा टॅक्सचं मुख्य रूप म्हणजे वस्तूच्या किमतीतच धरलेला व्हॅट. त्याची सुरुवात फ्रान्समध्ये १९५४ साली झाली, आज १७० हून जास्त देशांत तो कुठल्या ना कुठल्या नावानं आहे. गरीब देशांनी आयातीवरची ड्युटी कमी केली तेव्हा बुडालेलं उत्पन्न भरून काढायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं याच टॅक्सचा सल्ला दिला आणि तो झपाट्यानं पसरला. गोळा करायला हा टॅक्स खरंच चांगला आहे, प्रत्येक व्यापारी आपल्या खरेदीवरचा टॅक्स परत मिळावा म्हणून वरच्या व्यापाऱ्याचं बिल स्वतःच मागून घेतो. त्यामुळं व्हॅट आणला यात कुणाचं कारस्थान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तो नेमका कुणाच्या खिशातून जातो हे तरी बघायला नको का?

साधा हिशोब करा. एका माणसाची कमाई १०० आणि सगळी कमाई खर्च होते, कारण त्यात शिल्लक राहायला जागाच नाही. दुसऱ्याची कमाई १० हजार, त्यातले तो ४ हजार खर्च करतो, उरलेले शेअर्समध्ये, जमिनीत, परदेशातल्या खात्यात. व्हॅट दोघांनाही १५ टक्के, किमतीतच धरलेला. पहिल्याच्या खर्चातले १३ सरकारकडं गेले, म्हणजे कमाईच्या १३ टक्के. दुसऱ्याचे गेले साधारण ५२२, रक्कम मोठी दिसते, पण त्याच्या कमाईच्या ५ टक्क्यांच्या आसपासच. आणि ‘टॅक्सपेयर’ म्हणून मान कुणाला, तर दुसऱ्याला, कारण त्याच्याकडं रिटर्न भरल्याची पावती आहे आणि पहिल्याकडं काहीच कागद नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गरीब माणूस बरीचशी खरेदी अशा ठिकाणी करतो जिथं बिलच नसतं, त्यामुळं त्याला वर केलेल्या हिशोबाइतका टॅक्स लागत नाही, असं दाखवणारं चांगलं संशोधन आहे. शिवाय बऱ्याच देशांत धान्य, दूध, औषधं यांना सूट असते. दोन्ही गोष्टी मला मान्य. पण बिल न देणारा छोटा विक्रेता स्वतः माल आणतो तो मोठ्या व्यापाऱ्याकडून, टॅक्स भरूनच, आणि तो नोंदणीकृत नसल्यामुळं तो टॅक्स त्याला परत मिळत नाही, मग तो किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडंच येतो. आणि सुटीचं म्हणाल तर धान्यावरच्या सुटीचा फायदा रकमेत बघितला तर जास्त खर्च करणाऱ्यालाच जास्त मिळतो. माझ्या १३ टक्क्यांचे ८ म्हणा हवं तर, शून्य मात्र कुठंच होत नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट, जी आपल्याकडच्या बातम्यांत मला क्वचितच दिसते. नोरा लस्टिग नावाच्या अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांच्या पुढाकारानं कितीतरी देशांत एकाच पद्धतीनं हिशोब झालाय, की माणसानं एकूण किती टॅक्स भरला, त्याला रोख मदत किती मिळाली, सबसिडी किती मिळाली, आणि हे सगळं वजा-जमा केल्यावर त्याच्या हातात खर्च करायला काय उरलं. इथिओपिया, टांझानिया, घाना, ग्वाटेमाला अशा देशांच्या हिशोबात असं निघालं की सरकारचं सगळं देणं-घेणं झाल्यावर गरिबांचं प्रमाण आधीपेक्षा वाढतं. म्हणजे काही माणसं स्वतःच्या कमाईवर गरिबीरेषेच्या वर होती, आणि सरकारनं एका हातानं दिलं त्यापेक्षा दुसऱ्या हातानं जास्त घेतलं म्हणून रेषेखाली गेली! शाळा आणि दवाखाने या हिशोबात धरलेले नाहीत, हे खरं. ते धरले की चित्र सुधारतं, पण तिथंही एक मेख आहे. शाळेचा फायदा मोजतात तो सरकारनं त्यावर खर्च किती केला त्यावरून, मग शिक्षक येवोत न येवोत आणि मुलांना वाचता येवो न येवो, कागदावर त्या घराला तेवढा ‘लाभ’ मिळालेला असतो. बरं, शाळेचा खर्च मिळाल्यानं त्या महिन्याच्या रेशनची सोय होते असंही नाही.

युरोपात टॅक्स आणि मदत यांचा हिशोब लावला की विषमता मोजायचा जिनीचा आकडा (शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाकडंच) चांगलाच खाली येतो. लॅटिन अमेरिकेत तसं होत नाही, तिथं टॅक्सच्या आधीची विषमता आणि नंतरची विषमता यात फरक फार थोडा पडतो. दक्षिण आफ्रिकेत सरकार बरंच काही करतं, मुलांसाठी, वृद्धांसाठी दर महिन्याला पैसे देतं, आणि तरी २०१४ च्या आकडेवारीत तिथला जिनी ०.६३ होता, जगातल्या सर्वांत जास्त आकड्यांपैकी एक, कारण जमीन आणि संपत्ती वर्णभेदाच्या काळात जशी वाटली गेली तिचं ओझं अजून तसंच आहे.

अजून एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते, ती म्हणजे गरिबाच्या फोनवर लावलेला टॅक्स. आफ्रिकेत बँक नसलेल्या लोकांपर्यंत पैसा पोचला तो मोबाईल मनीमुळं, शहरात कमावणारा मुलगा गावातल्या आईला फोनवरून पैसे पाठवतो. युगांडा सरकारनं जुलै २०१८ पासून मोबाईल मनीच्या व्यवहारांवर १ टक्का टॅक्स लावला आणि सोशल मीडिया वापरायचा तर दिवसाला २०० शिलिंग. ओरड झाल्यावर मोबाईल मनीचा दर अर्ध्यावर आणला, पण सोशल मीडियाचा टॅक्स २०२१ पर्यंत चालू राहिला. घानानं मे २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवर दीड टक्का लावला, नंतर तो एक टक्का केला आणि २०२५ मध्ये रद्द करावा लागला. थोड्या रकमेला सूट होती, मान्य, पण विचार करा, बँकेच्या एसी शाखेत बसून शेअर्स विकणाऱ्याच्या नफ्याला सवलत आणि आईला पाठवलेल्या पैशाला टॅक्स, हे कुठल्या तर्कात बसतं?

केनियात २०२४ च्या जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. फायनान्स बिलात आधी ब्रेडवर १६ टक्के व्हॅट सुचवला होता, तो गदारोळानंतर मागं घेतला, बाकीचे टॅक्स राहिले, आणि २५ जूनला तरुण मुलंमुली थेट पार्लमेंटमध्ये घुसली, गोळीबार झाला, माणसं मेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो म्हणाले मी सही करत नाही. त्या मुलांना बेजबाबदार म्हणणारे लेख मी तेव्हा वाचले. पण सरकारला एवढी घाई कशाची होती, तर कर्जाचे हप्ते आणि व्याज. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेच्या २०२४ च्या हिशोबानं जगातले ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथं सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतं. म्हणजे दुकानात गेलेला टॅक्स दवाखान्यातही यायचा नाही, तो कर्ज देणाऱ्यांकडं जायचा, आणि वरून ऐकायचं की तुम्ही टॅक्स भरत नाही.

मग भरत नाही ते कोण? इमारती आणि जमिनीवरचा टॅक्स घ्या. जमीन लपवता येत नाही, दुसऱ्या देशात हलवता येत नाही, श्रीमंताकडंच जास्त असते, तरी विकसनशील देशांत या टॅक्सचं उत्पन्न बहुतेक ठिकाणी जीडीपीच्या एक टक्काही नाही, कारण नोंदी जुन्या, मूल्यांकन जुनं, आणि ज्यांनी ते बदलायचं त्यांचीच घरं मोठी. ब्राझीलमध्ये कंपनीच्या मालकाला मिळणाऱ्या डिव्हिडंडवर १९९६ पासून जवळपास तीन दशकं इन्कम टॅक्सच नव्हता, आणि त्याच देशात वस्तूंवरचे टॅक्स जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या आणि जड टॅक्सांमध्ये मोजले जायचे. मोठ्या कंपन्या नफा कमी टॅक्सच्या देशात दाखवतात हे तर जुनंच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १३६ देशांनी कमीत कमी १५ टक्के कंपनी टॅक्स ठरवला, ते पाऊल चांगलं, पण १५ टक्के हा दर बहुतेक विकसनशील देशांच्या स्वतःच्या दरापेक्षा कमीच आहे. २०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखाली जी-२० देशांनी रिओच्या जाहीरनाम्यात अतिश्रीमंतांवर नीट टॅक्स लागावा असं पहिल्यांदा लिहिलं. त्यामागं फ्रेंच अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांचा प्रस्ताव होता, जगातल्या साधारण ३ हजार अब्जाधीशांनी वर्षाला संपत्तीच्या निदान २ टक्के तरी भरावेत, त्यातून २०० ते २५० अब्ज डॉलर येतील असा अंदाज. लिहिलं गेलं, पण बंधन काही नाही.

सबसिडीचं पण बोलू, कारण ‘फुकट वाटतात’ हा शब्द तिथं फार वापरला जातो. सर्वांत मोठी सबसिडी कितीतरी देशांत पेट्रोल-डिझेलवर असते आणि नाणेनिधीच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये बऱ्याच विकसनशील देशांचा डेटा बघून सांगितलं की इंधनाच्या सबसिडीतला सर्वांत वरच्या २० टक्के लोकांना मिळणारा हिस्सा खालच्या २० टक्क्यांच्या सहापट असतो. गाडी असेल तर पेट्रोल लागणार ना. मग ही सबसिडी काढून टाका, असं लगेच कुणी म्हणेल. नायजेरियात २९ मे २०२३ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली त्याच भाषणात सबसिडी संपल्याचं सांगितलं, काही दिवसांत पेट्रोल जवळपास तिप्पट झालं, बसभाडं वाढलं, जेवण महागलं, आणि गरिबाच्या हातात भरपाई म्हणून काही पोचायच्या आतच त्याचं कंबरडं मोडलं. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये हेच उलट्या क्रमानं केलं होतं. आधी जवळपास सगळ्या घरांची खाती उघडली, माणशी महिन्याला साडेपंचेचाळीस हजार तोमान (तिथलं चलन) जमा केले आणि मग इंधनाचे दर वाढवले. सुरुवातीला गरिबी आणि विषमता दोन्ही खाली आल्या. पुढं निर्बंध आले, महागाई आली, रक्कम मात्र तिथंच गोठवलेली राहिली आणि तिची किंमत वितळून गेली. यातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, पैसा आधी द्यायला हवा, आणि तो महागाईबरोबर वाढायला हवा. दुसरी गोष्ट सगळ्या सरकारांना सोयीस्करपणे विसरायला होते.

पैसे दिले की लोक आळशी होतात, हे अजून एक. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात योजनांचे प्रयोग एकत्र तपासले आणि लोकांनी काम कमी केल्याचा काही ठोस पुरावा सापडला नाही. मेक्सिकोत १९९७ ला प्रोग्रेसा ही रोख मदतीची योजना सुरू झाली, पैसे आईच्या हातात, अट एवढीच की मुलं शाळेत जावीत आणि दवाखान्यात तपासणी व्हावी. मुलींचं माध्यमिक शाळेत जाण्याचं प्रमाण त्यानं वाढलं. ब्राझीलची बोल्सा फामिलिया ही तशीच योजना २००३ ची, पुढच्या दहाएक वर्षांत ती सव्वा कोटीहून जास्त कुटुंबांपर्यंत गेली आणि खर्च होता जीडीपीच्या जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्या काळात तिथली विषमता खरोखर कमी झाली. सगळं श्रेय या योजनेला देऊ नये, किमान वेतन वाढलं आणि खालच्या लोकांची मजुरी वाढली त्याचा वाटा जास्त होता, पण अर्ध्या टक्क्यात एवढं होत असेल तर ‘परवडत नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

आणि मला खरी आशा वाटते ती अजून दोन ठिकाणी. ब्राझीलनं डिसेंबर २०२३ मध्ये वस्तूंवरच्या टॅक्सची सगळी रचना बदलायची घटनादुरुस्ती केली, त्यात गरीब कुटुंबांनी भरलेल्या टॅक्सचा काही भाग त्यांना परत द्यायची तरतूद आहे. अंमल टप्प्याटप्प्यानं २०३३ पर्यंत होणार, म्हणजे निकाल कळायला वेळ आहे. तरी एका मोठ्या देशानं कायद्यातच कबूल केलं की गरीब माणूस टॅक्स भरतो आणि तो त्याला परत मिळायला हवा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. दुसरं ठिकाण सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन. तिथं २०२० च्या सुमारास महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांच्या काळात घरपट्टीची पद्धत बदलली. आधी पट्टी फक्त क्षेत्रफळावर होती, त्यामुळं पत्र्याचं घर आणि बंगला यांच्यात फारसा फरक पडायचा नाही. नव्या पद्धतीत सॅटेलाइट फोटोंवरून घरं शोधली, नोंदणीतल्या घरांची संख्या साधारण दुप्पट झाली, छप्पर कसलं, भिंती कसल्या, रस्ता कसा यावर गुण दिले, मग छोट्या घरांची पट्टी कमी झाली आणि मोठ्यांची वाढली. जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एकातलं हे शहर! त्यांच्याकडं श्रीमंत देशांसारखं सर्व्हेचं खातं नव्हतं, पैसा नव्हता, करायचं ठरवलं म्हणून झालं. ज्यांची पट्टी वाढली त्यांनी विरोध केला, वरच्या सरकारनं मधे अडवणूक केली, तेही झालं.

ओईसीडीनं २०१८ मध्ये एक हिशोब मांडला होता, गरीब घरात जन्मलेल्याच्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील. डेन्मार्कमध्ये दोन, भारत आणि चीनमध्ये सात, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत नऊ, कोलंबियात अकरा. या सगळ्या पिढ्या साबणावर, फोनच्या रिचार्जवर, बसच्या डिझेलवर टॅक्स भरतच राहणार आहेत.

म्हणून संपादक महोदय, आपल्याला माझी विनंती आहे. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेनं गरिबीरेषा दिवसाला २.१५ वरून ३ डॉलर केली तेव्हा सगळीकडं आकडेवारी छापून आली. अशी बातमी पुढच्या वेळी देताना त्या त्या देशात एकूण टॅक्सपैकी वस्तूंवरचा टॅक्स किती आणि उत्पन्न व संपत्तीवरचा किती, हे दोन आकडे सोबत द्या, ते सहज मिळतात. अर्थसंकल्पाच्या पानावर ‘किती लोक टॅक्स भरतात’ असा चौकोन असतो, तिथं ‘इन्कम टॅक्स’ असं पूर्ण लिहा. आणि मदतीच्या योजनांवर लेख मागवाल तेव्हा लेखकाला एवढं विचारा, की मदत घेणाऱ्या कुटुंबानं त्याच वर्षी दुकानात किती टॅक्स भरला याचा हिशोब त्यानं केलाय का. केला नसेल तर लेख त्याला परत पाठवा.

आपली,
एक नियमित वाचक